सखी केंद्राची सेवा: खेड्यातून जाणाऱ्या बाईला कितपत उपयोगी?

घरात मार खाणाऱ्या बाईला उपचार, पोलिसांची मदत, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणी मिळावा, यासाठी 2015 साली सखी वन स्टॉप सेंटरची योजना सुरू झाली. आमच्या गावातील एका शेतमजूर बाईसोबत मी विदर्भातील आमच्या जिल्ह्याच्या केंद्रात गेले होते. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

सर्वांत चांगले काम झाले ते कौटुंबिक घटना अहवालाचे, म्हणजे घरातल्या छळाच्या लेखी नोंदीचे. मारहाणीच्या तारखा तिला सांगता येईनात, तेव्हा तेथील ताईंनी घाई न करता "पोळ्याच्या अगोदर की नंतर? तेव्हा कापूस वेचणी सुरू झाली होती का?" असे विचारत सगळा क्रम नीट लावून घेतला. वेचणीची मजुरी नवरा दर आठवड्याला हिसकावून घेतो, हे तिने जाता जाता सांगितले होते. तेही अहवालात आले, कारण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच आहे. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणी तिला बाहेर काढू शकत नाही, हे समजल्यावर ती पहिल्यांदा मोकळेपणाने बोलू लागली. महिलांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो, तो अर्जही तिथेच भरून घेतला.

मात्र एक गोष्ट मला अजिबात पटली नाही. दुसऱ्या कर्मचाऱ्याने सुरुवातीलाच "आधी दोघांना समोरासमोर बसवू, समेट होतो का पाहू" असा आग्रह धरला. मार खाऊन आलेल्या बाईला मारणाऱ्यासमोर बसवणे धोक्याचे आहे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याआधी समेटाची बैठक झालीच पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. आम्ही स्पष्ट नकार दिला, तेव्हाच पुढचे काम हलले.

निवारा साधारणपणे पाच दिवसांपर्यंतच मिळतो. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यावर पहिली सुनावणी सहसा तीन दिवसांत व्हावी आणि त्यानंतर 60 दिवसांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि लेकरांसह निघालेल्या बाईने त्या मधल्या काळात कुठे राहायचे, याचे उत्तर केंद्राकडे नव्हते. त्यामुळे अंतरिम आदेशाची, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाची, मागणी पहिल्याच अर्जात करून घ्यावी. संरक्षण आदेश, म्हणजे बाईला त्रास देण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश, मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, म्हणून तो कागद हाती असणे फार मोलाचे आहे. त्याची प्रत न्यायालयाकडून विनामूल्य मिळते.

जाणाऱ्या बायांनी निघण्यापूर्वी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करावा, सकाळची पहिली एसटी धरावी आणि सही करण्याआधी अहवाल पूर्ण वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर सोबतच्या बाईकडून मोठ्याने वाचून घ्यावा. अहवाल लिहिणाऱ्या त्या ताईंसाठी मी कोणालाही या केंद्रात पाठवीन, पण सोबत कोणीतरी खंबीर बाई असल्याशिवाय नाही.