क्लायंट नोंदणीच्या चुका निस्तरताना: कटेलो की उयुनी?

अनेक लिनक्स सर्व्हर एकाच ठिकाणाहून सांभाळणारा स्पेसवॉक हा मोफत प्रकल्प ३१ मे २०२० रोजी अधिकृतपणे थांबला आणि सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. या दोन तारखांच्या दरम्यान आणि नंतरही अनेकांना आपल्या लिनक्स सर्व्हरांची, म्हणजेच मध्यवर्ती सर्व्हरच्या क्लायंटची, नोंदणी नव्या व्यवस्थेत पहिल्यापासून करावी लागली, आणि त्या वेळी बहुतेकांपुढे दोनच मोफत पर्याय गांभीर्याने विचारात घेण्याजोगे होते: फोरमन या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनासोबत चालणारा कटेलो किंवा स्पेसवॉकचाच वारसा सांगणारा उयुनी. मी सुमारे दीडशे सर्व्हरांसाठी आधी उयुनी वापरला आणि नंतर कटेलोकडे वळलो. दोन्हींमध्ये पॅचिंग (दुरुस्त्या बसवणे) होते, दोन्हींमध्ये रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचे साठे) आणि नोंदणीसाठी लागणाऱ्या ॲक्टिव्हेशन की आहेत, त्यामुळे त्यांची जंत्री येथे देत नाही. नोंदणी फसते तेव्हा ती दुरुस्त करायला किती वेळ जातो, एवढ्याच अंगाने ही तुलना केली आहे, कारण रोजच्या कामात माझा सर्वाधिक वेळ तेथेच गेला.

दोघांच्या चुकांचे स्वरूप वेगळे असण्याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. उयुनी २०१८ मध्ये स्पेसवॉकपासून वेगळा झाला आणि क्लायंटशी बोलण्यासाठी त्याने सॉल्ट (म्हणजे मीठ) या नावाच्या साधनाचा आधार घेतला. बोलिव्हियातील मिठागराच्या विस्तीर्ण पठाराचे नाव त्याला दिले आहे ते याच सॉल्टमुळे. तेथे नोंदणी म्हणजे क्लायंटने आपली की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) पाठवणे आणि सर्व्हरने ती स्वीकारणे. कटेलोत नोंदणीचे काम कँडलपिन हा त्याचा घटक सांभाळतो आणि तो क्लायंटला ओळखीचे सर्टिफिकेट देतो. म्हणून उयुनीत बिघडते ती की, आणि कटेलोत बिघडते ते सर्टिफिकेट.

सर्टिफिकेटच्या बाजूचा त्रास मी कमी लेखणार नाही. क्लायंटचे घड्याळ मागे पडले असेल, तर सर्टिफिकेट अजून लागू झालेले नाही असे मानून कटेलोची नोंदणी अडते, आणि संदेशात घड्याळाचा उल्लेखही नसतो. अनेकदा पडताळणी अयशस्वी झाली एवढेच कळते. सर्व्हर नव्याने बसवला आणि क्लायंटवर जुन्या सर्व्हरचे मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या आधारे सर्व्हरची ओळख तपासली जाते) राहून गेले, तरीही जवळपास तसाच संदेश येतो. त्यामुळे आधी घड्याळ, मग मूळ सर्टिफिकेट आणि त्यानंतरच बाकीचे, हा क्रम मी स्वतःला लावून घेतला आहे. उयुनीच्या बाजूला त्या त्या वितरणासाठीची बूटस्ट्रॅप रिपॉझिटरी (नोंदणीसाठी लागणाऱ्या पॅकेजांचा साठा) तयार केलेली नसणे हा नेहमीचा अडथळा, पण तो एकदा समजला की पुन्हा सतावत नाही. या बाबतींत दोघे उन्नीस-बीस आहेत असे मला वाटते.

माझा कौल ठरला तो क्लोन केलेल्या मशिनांवरून. एका टेम्प्लेटवरून (साच्यावरून) आठ व्हर्च्युअल मशिने, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, तयार करून मी ती एकामागून एक उयुनीत नोंदवली. प्रत्येक मशीनवर नोंदणी करणारी बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट बिनतक्रार शेवटपर्यंत चालली. सर्व्हरच्या यादीत मात्र एकच मशीन होते. पान ताजे करून पाहिले तर नोंद तीच, पण तिचे नाव बदललेले. आणखी थोड्या वेळाने पाहिले तर तिसरेच नाव. जणू आठ जण एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसत होते. चूक आमच्या टेम्प्लेटची होती, हे आधीच स्पष्ट करतो: ईटीसी फोल्डरमधील मशीन-आयडीची (मशीनच्या ओळख क्रमांकाची) फाइल न पुसता टेम्प्लेट गोठवले होते, त्यामुळे आठही मशिनांची ओळख एकच होती आणि उयुनी प्रत्येक नव्या मशीनला जुन्याच मशीनचे बदललेले नाव समजत होता. ते त्याच्या नियमाला धरूनच होते. याची खूण मला शेवटी सापडली ती सर्व्हरवरील त्या प्रोफाइलच्या इतिहासात. ज्या मशीनपुढे मी बसलो होतो त्याच्या पडद्यावर मात्र एक अक्षरही नव्हते, आणि तेथे शोधत राहण्यात माझी अख्खी दुपार गेली.

पुढे कटेलोवर असाच प्रसंग आला. बॅकअपमधून एक व्हर्च्युअल मशीन दुसरी प्रत म्हणून उभे केले होते आणि ते करताना हायपरव्हायझरच्या (व्हर्च्युअल मशिने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रश्नाला 'प्रत केली' ऐवजी 'हलवले' असे उत्तर दिले गेले, त्यामुळे मदरबोर्डचा म्हणून दिसणारा यूयूआयडी हा ओळख क्रमांक दोन्हीकडे सारखाच राहिला. नोंदणीची आज्ञा देताच तेथल्या तेथे ४२२ क्रमांकाची त्रुटी आली, आणि या मशीनचा डीएमआय यूयूआयडी (म्हणजे तोच मदरबोर्डचा क्रमांक) आधीच नोंदलेल्या अमुक मशीनशी जुळतो असे त्या मशीनच्या नावासकट लिहून आले. पाच मिनिटांत उलगडा झाला. कटेलोने नोंदणी नाकारली, म्हणजे काम अडलेच. पण जुन्या नोंदीला धक्का लागला नाही आणि कोठे पाहायचे तेही कळले. अडवणारे साधन मला गप्प राहून पुढे जाणाऱ्या साधनापेक्षा अधिक भरवशाचे वाटते. ज्यांना शेकडो मशिने कोणाच्याही देखरेखीविना नोंदवायची असतात त्यांचे मत याहून वेगळे असू शकते, हेही मान्य करतो.

दुरुस्तीची पद्धत दोन्हीकडे अवघड नाही. कटेलोत जुनी नोंद खरोखर निरुपयोगी असेल तर ती सर्व्हरवरून काढावी. दोन्ही मशिने हवी असतील, तर क्लायंटवरील आरएचएसएमच्या (नोंदणी सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) फॅक्ट्स फोल्डरमध्ये नवा यूयूआयडी लिहिलेली छोटी जेसन फाइल ठेवावी, सबस्क्रिप्शन-मॅनेजर या नोंदणीच्या साधनाची क्लीन ही आज्ञा देऊन स्थानिक ओळख पुसावी आणि मग पुन्हा नोंदणी करावी. जोडणी करून घेतलेल्या काही स्वस्त संगणकांवर ०३०००२०० ने सुरू होणारा एकच ठरावीक यूयूआयडी कारखान्यातूनच आलेला असतो. अशांसाठी ही फाइल हाच सरळ मार्ग आहे. उयुनीत मशीन-आयडी नव्याने तयार करावा लागतो, सॉल्टच्या जुन्या की आणि मिनियनचे (सॉल्टच्या क्लायंटचे) साठवलेले नाव काढावे लागते, सर्व्हरवरची जुनी की पुसावी लागते आणि मग बूटस्ट्रॅप पुन्हा चालवावा लागतो. पायऱ्या थोड्या जास्त आहेत, एवढेच.

टेम्प्लेट दुरुस्त करताना मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा, कारण त्यात मी दुसऱ्यांदा अडकलो. मशीन-आयडीची फाइल रिकामी ठेवली की सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारी व्यवस्था) पुढच्या बूटला नवा आयडी तयार करतो, हे खरे आहे. पण डीबस या दुसऱ्या प्रणाली-सेवेच्या फोल्डरमध्ये जुन्या आयडीची प्रत उरलेली असेल तर तोच आयडी परत येऊ शकतो. शिवाय केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायझरवर चालणाऱ्या मशीनला बाहेरून यूयूआयडी दिलेला असेल, तर सिस्टमडी त्यावरूनच मशीन-आयडी घेतो. म्हणजे मशीनची एक्सएमएल व्याख्या जशीच्या तशी उतरवली असेल, तर फाइल कितीही वेळा पुसली तरी दोन मशिने सारखीच निघतात. तेथे आधी व्याख्येतला यूयूआयडी बदलावा.

उयुनी घेऊ नये असे मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे ओपनसूझा, उबुंटू आणि डेबियन यांची सरमिसळ आहे, किंवा ज्यांची संरचना आधीपासून सॉल्टवर चालते, त्यांना तो घरचा वाटेल. काही क्लायंटना सर्व्हरशी स्वतःहून संपर्क साधता येत नाही. अशांना सर्व्हरकडूनच एसएसएचने (सुरक्षित दूरस्थ जोडणीने) गाठण्याची त्याची सोय मला आजही आठवते. माझी बहुतांश मशिने रॉकी आणि अल्मा या लिनक्स वितरणांची असल्यामुळे आणि ती सांभाळणारे आम्ही दोघेच असल्यामुळे कटेलो मला अधिक मानवला.

निर्णय घेण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. आपले नेहमीचे टेम्प्लेट जसे आहे तसे घेऊन, काहीही साफ न करता, त्यावरून दोन मशिने तयार करावीत, ती आधी एका साधनात आणि मग दुसऱ्यात नोंदवावीत, आणि दुसऱ्या मशीनच्या पडद्यावर काय उमटते ते पाहावे. यासाठी तासाभराहून जास्त वेळ लागू नये.