पावसाळ्यात बंद गाडी: सिलिका जेल की कॅल्शियम क्लोराइड?

कोकणात जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल, तर सीटवर बुरशी आणि आत कुबट वास ठरलेला. ओल शोषायला या दोन गोष्टी सहज मिळतात.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे स्वस्त. दमट हवेत ते भराभर ओल ओढतात, डब्यात पाणी साचलेलं दिसतं. पण ते खारं द्रावण असतं. डबा कलंडला तर कार्पेट वाळता वाळत नाही, कारण सांडलेला क्षार हवेतली ओल पुन्हा ओढत राहतो. शिवाय खालचा पत्रा गंजतो. मला हीच भीती सगळ्यात मोठी वाटते.

सिलिका जेल कोरडंच राहतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचे, पुन्हा तयार. मात्र बुटांच्या खोक्यातल्या पुड्या पुरत नाहीत. किलोभर तरी हवं.

दर पंधरवड्याला कोणी गाडी उघडणार असेल, तर मी सिलिकाच घेईन. नसेल, तर क्लोराइडचा डबा खोल प्लास्टिकच्या टबात ठेवून. दोन्हींआधी ओले मॅट बाहेर काढा आणि एसीची बाहेरची हवा बंद करा.