ढगांचा हिशोब कशात मांडावा: पॅनोप्ली, पायथन की पॅराव्ह्यू?

परभणी-नांदेडकडे हवामानावर एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्यांना सीएमआयपी६ची (जगभरच्या हवामान मॉडेलांच्या सामायिक प्रकल्पाची) फाइल उतरवून घेतल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो. तिन्ही साधनं फुकट आहेत, तेव्हा खर्च होतो तो वेळच.

ढगांचा प्रारण-परिणाम, म्हणजे ढगांमुळे बाहेर जाणाऱ्या ऊन-उष्णतेत पडणारा फरक, फाइलमध्ये आयता मिळत नाही, वजाबाकी करावी लागते. आकाश निरभ्र धरून परत गेलेलं ऊन (आरएसयूटीसीएस), त्यातून ढगांसकट परत गेलेलं ऊन (आरएसयूटी) वजा करायचं. दीर्घलहरींसाठी (पृथ्वीकडून बाहेर जाणाऱ्या उष्णतेसाठी) तसंच आरएलयूटीसीएस वजा आरएलयूटी. जागतिक सरासरीत पहिला आकडा साधारण उणे ४५ ते ५० वॅट प्रति चौरस मीटर येतो, दुसरा अधिक २५ ते ३०. चिन्हं उलटी आली तर वजाबाकी उलटी झाली, एवढं पक्कं समजा.

पॅनोप्ली नासाच्या गोडार्ड संस्थेचं. जावा असलं की जुन्या लॅपटॉपवरही चालतं, एकाच ग्रिडवरच्या (चौकटींच्या जाळीवरच्या) दोन राशींची वजाबाकीही करून देतं. पण इंटरपोलेशन (चौकटींमधले रंग एकमेकांत मिसळणं) बंद करून बघा. मराठवाडा सुमारे ६४,५०० चौरस किलोमीटरचा. एक अंशाच्या ग्रिडवर आठही जिल्ह्यांना मिळून जेमतेम पाच-सहा चौकटी येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या (आयआयटीएम) आयआयटीएम-ईएसएम मॉडेलमध्ये वातावरणाची चौकट साधारण २०० किलोमीटरची, म्हणजे दीड-दोनच. तरी इंटरपोलेशन चालू असलं की नकाशात बीडपासून लातूरपर्यंत रंग कसा अलगद उतरत जातो! ती उतरण मॉडेलची नाही, सॉफ्टवेअरची.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा (तिच्या एक्सअरे आणि कार्टोपाय या लायब्रऱ्यांसह) शिकायला काही आठवडे जातात, पण प्रबंधात जाणारं काम माझ्या मते इथेच व्हावं. जून ते सप्टेंबरची सरासरी, अक्षांशाप्रमाणे भार, दहा मॉडेलं एका रांगेत. स्क्रिप्ट एकदा लिहिली की परीक्षकाच्या प्रश्नावर पुन्हा चालवता येते. मोसमी पट्ट्यात हे लागतंच. उष्ण कटिबंधात उंच ढगांचे दोन्ही परिणाम बऱ्याच ठिकाणी एकमेकांना जवळजवळ खोडतात, पण आपल्या पावसाळ्यात दाट ढग इतकं ऊन परतवतात की निव्वळ आकडा चांगलाच उणे राहतो. वार्षिक सरासरीत हे पुसट होतं. पडताळ्याला मार्च २०००पासूनची सेरेस-ईबीएएफ ही उपग्रहांची निरीक्षणं आहेत, एक अंशाच्या ग्रिडवर; मॉडेल आधी त्याच ग्रिडवर आणा. रंगपट्टी निळी-लाल, मधोमध शून्याला पांढरा. इंद्रधनुषी पट्टी नकोच, तिच्यात नसलेल्या सीमा दिसतात.

पॅराव्ह्यूची त्रिमिती चित्रं बघून भुरळ पडते. डब्ल्यूआरएफ (छोट्या प्रदेशासाठीचं हवामान मॉडेल) एक-दोन किलोमीटरच्या चौकटींवर चालवून एखादा वळवाचा ढग घडताना दाखवायचा असेल, तर याला तोड नाही. मात्र ग्राफिक्स कार्ड बरं हवं आणि उभी मापपट्टी ताणावी लागते, नाहीतर वातावरण पापुद्र्याएवढं दिसतं. सीएमआयपीच्या मासिक सरासरीसाठी मात्र हा खटाटोप नको. महिनाभराच्या सरासरीतून उभा केलेला ढग आकाशात कधी नव्हताच.

गाईडना सोमवारी नकाशा हवा असेल तर पॅनोप्ली उघडा, आणि त्याच आठवड्यात पायथनला हात घाला.