क्लच प्लेटा घेताना कसा फसलो

गेल्या मे महिन्यात माझ्या दीडशे सीसीच्या गाडीचा क्लच घसरायला लागला. डिचोली ते साखळी काही जाणवत नसे. पण चोर्ला घाट लागला की रेस वाढायची आणि गाडी मात्र रांगायची. क्लच मी आधीही घरीच बदललाय. किक आणि उजव्या बाजूचे कव्हर काढायचे, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे, की प्लेटा हातात येतात. काम मला येते. फसलो ते सामान घेताना.

शुक्रवारी म्हापशाला बाजारासाठी गेलो होतो, तिथेच एका दुकानातून सेट घेतला. खोक्यावर कंपनीचे नाव, छपाईही झकास. छापील किमतीवर मात्र दुसरा स्टिकर चिकटवलेला होता. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल आहे बाब, बिनधास्त न्या. बिल केले तर वर जीएसटी पडेल, रोख द्या, दोनशे कमी करतो." मी ९५० रुपये मोजले आणि निघालो. एमआरपीमध्ये सगळे कर आधीच धरलेले असतात, त्यावर जीएसटी वेगळा लावताच येत नाही, हे मला माहीत होते. तरी त्या क्षणी दोनशे रुपयेच दिसले.

प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवल्या, नवीन पॅकिंग घालून रविवारी बसवल्या, लिव्हरला बोटभर ढील ठेवली. गाडी मस्त चालली. तीन आठवडे.

जूनमध्ये बायकोला मागे बसवून बेळगावला निघालो. केरी सोडली, घाट सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर जळका वास आला. रेस देतोय, गाडी पुढे सरकत नाही, पाऊस कोसळतोय आणि मागे भरलेला ट्रक हॉर्न मारतोय. बायकोने उतरून गाडी ढकलली तेव्हा कुठे कडेला लागलो. तो वास अजून आठवतो.

घरी येऊन कव्हर उघडले. पाचपैकी तीन प्लेटांचे लायनिंग, म्हणजे पकड धरणारा चिकटवलेला थर, पापुद्र्यांसारखे सुटले होते. गोंदच धरला नव्हता. ऑइलच्या जाळीत काळे तुकडे अडकले होते. जाळी पूर्ण तुंबली असती तर ऑइल वर चढले नसते आणि इंजिनच बसले असते. एका प्लेटचे लायनिंग शाबूत होते, ती प्लेट व्हर्नियरने मोजली: २.७ मिमी जाड. मी काढून टाकलेली झिजकी प्लेट २.६ होती! प्लेटा पातळ असल्या की स्प्रिंगा पुरेशा दाबत नाहीत, क्लच घसरणारच.

दुकानात गेलो तर उत्तर तयार: "घरी बसवलात ना? मग आमची जबाबदारी नाही." बिल मागितले. ते माझ्याकडे नव्हतेच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करायचा तरी हातात पुरावा काय? रोख दिलेले पैसे कुठेच नोंदलेले नव्हते. घरी काम करणाऱ्याला हे लोक बरोबर हेरतात, कारण चूक त्याच्याच माथी मारता येते. याचा मला फार राग आहे.

नंतर अधिकृत काउंटरवरून बिल घेऊन सेट आणला. नव्या प्लेटा ३ मिमी भरल्या, त्यांचे दात बास्केटमध्ये, म्हणजे प्लेटा बसतात त्या खाचांच्या डब्यात, न खडखडता बसले. ऑइलही दुचाकीचेच, जासो एमए२ (दुचाकीच्या ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचे मानक) लिहिलेले घातले. कारचे ऑइल घालू नका, त्यातल्या काही ऑइलमधल्या घसरणाऱ्या घटकांमुळे चांगला क्लचही सरकतो.

घेताना जुनी प्लेट खिशात घालून जा आणि काउंटरवरच नवीन तिच्या शेजारी धरा. नखाने लायनिंगची कड उचलून बघा. एमआरपीवर स्टिकर असेल तर खोका तिथेच ठेवा. बिल मिळत नसेल तर दुकानाबाहेर पडा.

त्या सुटलेल्या प्लेटा मी ऑइल पुसून पिशवीत ठेवल्यात. वाड्यावरचा कोणी क्लच बदलायला निघाला की आधी त्याच्या हातात देतो.