मारुती 800चं कार्ब्युरेटरवालं 796 सीसी इंजिन: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गाडी 1996 सालची, चार गिअरची. वापर रोजचा शहरातला, अधूनमधून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट, आणि मधे एक अख्खा पावसाळा. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. हे इंजिन आतून फारसं बिघडत नाही, त्रास देतात त्याच्या अंगावरची रबरं, वायरी आणि नळ्या. आणि इंजिन खरोखर बसतं तेव्हा बहुतेक वेळा ते तापून बसतं.

सुझुकीचं हे एफ8बी इंजिन 1983 साली पहिल्या 800मध्ये आलं आणि 2014 साली गाडी बंद होईपर्यंत या ना त्या रूपात तिच्यात राहिलं. सिलिंडर तीन, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68.5 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 72 मिमी. दर सिलिंडरला दोन म्हणजे एकूण सहा व्हॉल्व्ह, वर ते उघडणारा एकच कॅमशाफ्ट, तो फिरवणारा टायमिंग बेल्ट. ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. खालच्या फेऱ्यांत (कमी आरपीएमला) मात्र ओढ चांगली, त्यामुळे गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्यावर गाडी निवांत सरकते. घाटात एसी लावला की गाडीचा दम निघतो. चढ संपेपर्यंत तो बंद ठेवलेलाच बरा.

आयडलिंगला गाडी थरथरते. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन्ही टोकांचे पिस्टन एकमेकांना तोलत नाहीत, म्हणून थोडी थरथर जन्मजातच आहे. स्टिअरिंगसकट डॅशबोर्ड खडखडायला लागला तर मात्र आधी इंजिनाचं माऊंटिंग, म्हणजे ते ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती बघा. रबर चिरलं असेल तर कितीही ट्यूनिंग करा, फरक पडत नाही. माऊंटिंग ठीक असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे नीट पेटत नाही. तो शोधायला प्लगच्या वायरी चालू इंजिनावर हाताने उपटून बघण्याची सवय सोडा, झटका जोरात बसतो. इंजिन बंद करून तिन्ही प्लग काढा आणि ओळीने ठेवा. दोन विटकरी आणि एक काळाकुट्ट ओला निघाला की दोष त्याच सिलिंडरचा. प्लगची गॅप 0.7 ते 0.8 मिमी. वायरी परत लावताना फायरिंगचा (सिलिंडर पेटण्याचा) क्रम 1-3-2, आणि एक नंबरचा सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी फटाके फोडते आणि दोष कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या भागाच्या माथी मारला जातो.

डेल्कोत, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, ठिणगीची वेळ ठरवायला पॉइंट आहेत की इलेक्ट्रॉनिक पिकअप, हे झाकण काढून बघून घ्या. पॉइंट असतील तर त्यांची गॅप 0.4 ते 0.5 मिमी. पावसाळ्यात सकाळी गाडी पकडत नसेल तर निम्म्या वेळा डेल्कोच्या झाकणात आतून दमट वाफ धरलेली असते. कोरड्या फडक्याने पुसायचं, झाकणाला केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर झाकण बदलायचं. ती रेघ म्हणजे ठिणगीने स्वतःसाठी काढलेली पायवाट. पुसून जात नाही.

आता उष्णता. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे. एकदा नीट तापलं की वाकतं, मग त्याखालचं पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट जाते, मग पाणी ऑइलमध्ये. ऑइलच्या टोपीखाली ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट फेस दिसला तर गाडी पुढे रेटू नका. (फक्त थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात टोपीला किंचित फेस येतो. डिपस्टिकलाही तोच दिसला तर प्रकरण गंभीर.) हेड उतरवलंच तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) न करता नुसती नवी गॅस्केट बसवून घेऊ नका, काही महिन्यांत तेच काम पुन्हा निघतं.

गाडी तापण्याची कारणं बहुतेक फुटकळ असतात. रेडिएटरचा पंखा विजेचा आहे आणि तो तापमानावर चालू-बंद होणाऱ्या एका थर्मोस्विचवर चालतो. स्विच गेला की हायवेवर काही कळत नाही, सिग्नलला मात्र काटा चढतो. यावर गॅरेजमधला आवडता उपाय म्हणजे पंखा किल्लीवर डायरेक्ट करणे आणि वर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) काढून फेकणे. दोन्ही चूक. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेतं, चोक (थंड इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि जादा पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ होतं. नवा स्विच आणि नवा थर्मोस्टॅट, दोन्ही मिळून एका हेडच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. रेडिएटरची टोपी बदलताना दाबाचा आकडा जुन्या टोपीवरचाच घ्या. बोअरवेलचं पाणी अजिबात घालू नका, क्षार आत धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

घाट चढून चहाला थांबल्यावर गाडी परत सुरू होत नाही, ही या इंजिनाची ख्याती. पेट्रोल पंप यांत्रिक आहे, हेडलाच बसवलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. थांबल्यावर हेडची धग पंपाला लागते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग चोक न ओढता सेल्फ मारा. तरीही रेस सोडताच इंजिन बंद पडत असेल तर कार्ब्युरेटरच्या सोलेनॉइडची (पेट्रोल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर हलवून बघा. किल्ली ऑन केल्यावर तिथून ‘टक्’ आवाज यायला हवा. हा आवाज न ऐकता आख्खा कार्ब्युरेटर खोलून साफ केल्याची उदाहरणं कमी नाहीत.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर फरक जाणवतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा, आणि कार्ब्युरेटरला मिश्रण आपोआप घट्ट करता येत नाही. म्हणून सकाळी चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, पिकअपमध्ये किंचित अडखळ येते. खरी काळजी जुन्या होजची. पंपाजवळचा होज दाबून बघा, चिकट किंवा फुगलेला लागला तर क्लिपसकट सगळे एकदम बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा केलेला चांगला, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू मात्र कानावर भरवसा ठेवून फिरवू नका. पीयूसीला 1996 सालच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे; मशीनची नळी सायलेन्सरमध्ये ठेवूनच तो सेट करा.

ऑइल फिल्टरसकट पावणेतीन लिटरच्या आसपास लागतं, पण शेवटचं पाव लिटर डिपस्टिक बघत घाला. गळती नेहमीच्या तीन जागी: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डेल्कोची ओ-रिंग, क्रँकचं पुढचं ऑइल सील. पहिल्या दोन नुसत्या घाण करतात. तिसरी टाळू नका, ते ऑइल टायमिंग बेल्टवर उडतं आणि बेल्ट मुदतीआधी जातो. जुन्या गाडीचा बेल्ट कधी बदलला हे कागदावर नसेल तर बदललाच नाही असं धरा. पुढे 60 हजार किलोमीटरला किंवा पाच वर्षांनी. बेल्टसोबत टेन्शनर आणि ते ऑइल सीलही.

मायलेज टाकी ते टाकी मोजलं तर शहरात 14 ते 15, हायवेला 70-80च्या वेगात 18च्या वर. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांतली फट) फार घट्ट केले की हा आकडा आधी घसरतो. मग गरम इंजिनावर कॉम्प्रेशन जातं आणि पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडा टकटक आवाज चालेल, पण आवाज बंद करायच्या नादात गॅप शून्य करून देणारा मेकॅनिक नको.

विकत घेताना गाडी रात्रभर थंड असू द्या. सुरू करताच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. रेस देताना येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा. खात्रीसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, तिन्ही सिलिंडरांत दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर बोअर-रिंगांचं काम, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दुसऱ्या प्रकारचा खर्च पहिल्यापेक्षा बराच कमी, तेवढं भावात धरा.