कोकणातली आर्टिस्ट रेसिडेन्सी: परतून बरेच महिने झाल्यावर

परत आल्या आल्या लिहिलं असतं तर या रेसिडेन्सीला (म्हणजे कलाकारांनी काही महिने राहून काम करायची सोय) पाचपैकी पाच गुण दिले असते. आता साडेतीन देते, आणि तरीही जा म्हणते.

मी गेले तेव्हा नागपूर-मडगाव गाडी आठवड्यातून दोनदा असायची. दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळ. तिथून पुढे वेंगुर्ल्याच्या बाजूला गाव, कौलारू घर, मागे काजू, समुद्र पायी जाण्याइतका जवळ. फेब्रुवारीत गेले, पहिला पाऊस पाहून निघाले. जेवण झकास. इंटरनेटच्या भरवशावर मात्र कुणाला काम कबूल करू नका.

जाहिरातीत समुद्र आणि शांतता यांचेच फोटो होते. शांतता आठ दिवसांत सवयीची होते, राजेहो. पुढचे महिने कशाच्या जोरावर काढायचे? माझ्यासाठी ते सावंतवाडीतल्या गंजिफावाल्या काकांच्या पडवीने भागवलं. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, त्यात राजा आणि प्रधान ही दोन चित्रं. दिवसा खेळलं तर रामाच्या पत्त्यांनी सुरुवात, रात्री कृष्णाच्या. मला रंगवायची घाई. काकांनी आधी कापडाला चिंचोक्याची खळ लावायला बसवलं. थरावर थर, वाळवणं, घोटणं, गोल कापणं. "घाय कित्याक करतंस गो?" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच नव्या मुलीला म्हणाले.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला लाखकाम चालायचं. लेथवर गरगर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासून उष्णता निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरून केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. केवडा तिथलाच. पण लाखेचा किडा वाढतो पळस, कुसुम, बोरीवर, म्हणजे झारखंड-छत्तीसगडात आणि आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात. आमच्या घरी होळीला पळसफुलांचा रंग होतो, पण त्याच झाडावरच्या लाखेकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं ते समुद्राकाठी. माझं सध्याचं सगळं काम तिथूनच निघालंय.

कुडाळजवळच्या पिंगुळीला रेसिडेन्सीने एकच धावती भेट ठेवली होती. मी नंतर स्वतःच्या खर्चाने पुन्हा गेले. तिथे परशुराम गंगावणे यांनी (पद्मश्री, 2021) गोठ्यात उभं केलेलं ठाकर आदिवासी कला आंगण आहे. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत कथा गाण्याची कला; तिचं चित्र भिंतीवर टांगून कळत नाही. कुणीतरी ते हातात धरून कथा गायला लागलं की मग ते डोळे तसे मोठे का काढलेत ते समजतं.

आता दीड गुण कुठे गेले ते.

एक तर दमट हवा. नागपुरात मे महिन्यात जलरंग कुंचल्यावरच वाळतो. तिथे सकाळचा थर संध्याकाळी ओला. पाऊस लागला आणि कागद फुगले, दोन चित्रांना बुरशी धरली. कपाटात बल्ब लावून ठेवण्याची साधी युक्तीसुद्धा शेजारच्या काकूंनी सांगितली, व्यवस्थापनाने नाही.

दुसरं जास्त खटकलं. आमच्याकडून घेतलेल्या फीमधून कारागिरांना वेगळं काही मिळत नव्हतं. दिवसभर शिकवायचं, वर आल्यागेल्याला चहा, आणि आभाराच्या फलकावर त्यांचं नाव 'स्थानिक सहकार्य' या दोन शब्दांत. आम्ही तिघींनी आपसांत पैसे काढून दिले. अर्ज करताना हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शिवाय शेवटच्या आठवड्यातलं ते प्रदर्शन! काहीतरी दाखवायचंच म्हणून अर्धवट कामं घाईने पुरी करायला लावली. माझे त्या आठवड्यातले पत्ते आज बघवत नाहीत. खळ लावून कोरे आणलेले पत्ते मात्र अजून वापरतेय. नागपूरच्या कोरड्या हवेत ते जरा आक्रसले, पण एकालाही तडा नाही.

कागदावर किंवा कापडावर काम करत असाल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचं सत्र मागा. तेव्हा वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लंही दिसू शकतात. जूनचं सत्र स्वस्त असतं, पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या मासळीचे वांधे. रंग नागपूरहूनच न्या, इथे सीताबर्डीत मिळतो तो साधा पोस्टर कलरही तिथे शोधावा लागतो. आणि सावंतवाडीत खोली मिळत असेल तर किनाऱ्यावरची खोली खुशाल सोडा.