मानद प्रतिनिधींची नेमणूक : प्रक्रिया नेटकी, पण ‘स्वखर्चाने’ हा शब्द महागात पडतो

वकिलांच्या एका देशपातळीवरील स्वयंसेवी संघटनेच्या नाशिक शाखेने दिल्लीतील बैठकांना जाणारे मानद (बिनपगारी) प्रतिनिधी दोन वर्षांसाठी नेमण्याकरिता अर्ज मागवले, तेव्हा मीही अर्ज केला, मुलाखत दिली आणि पर्यायी प्रतिनिधी म्हणून नेमला गेलो. आपण दरवर्षी वर्गणी भरतो ती आपले म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचावे म्हणून, त्यामुळे या व्यवस्थेकडे मी पैसे मोजून घेतलेली सेवा म्हणूनच पाहतो आणि हा अभिप्रायही वर्गणीदार सभासदाच्या नात्याने लिहीत आहे. संघटनेचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

बार कौन्सिल ही वकिलांची वैधानिक परिषद असताना वेगळे प्रतिनिधी कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार आपण पसंतीक्रमाने मत देऊन राज्याच्या बार कौन्सिलवर सदस्य पाठवतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असे २५ सदस्य निवडले जातात आणि ते आपल्यातून एकच सदस्य भारतीय विधिज्ञ परिषदेवर (बार कौन्सिल ऑफ इंडियावर) पाठवतात. म्हणजे दोन राज्यांतील सर्व सनदधारकांमागे दिल्लीत एक निवडून गेलेला माणूस. शिवाय सनद (वकिलीचा परवाना), शिस्तभंगाची प्रकरणे आणि विधी शिक्षणाचा दर्जा ही या परिषदांची वैधानिक कामे आहेत. तालुक्याच्या न्यायालयात रोज काय अडते हे मांडायला स्वयंसेवी संघटनेचे व्यासपीठ हवेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नेमणुकीची प्रक्रिया, मान्य करायला हवे, नेटकी होती. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील फलकावर लागलेल्या नोटिशीत पात्रता, मुदत आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिले होते, अर्ज एका पानाचा होता आणि निवड समितीने निकाल सांगितलेल्या दिवशीच लावला. शिफारसपत्र मागितले नाही, ‘कोणाच्या चेंबरचे?’, म्हणजे कोणत्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालचे, असेही विचारले नाही. आपल्याकडे हे कमी नव्हे.

अडचण नोटिशीच्या शेवटच्या ओळीत होती : ‘प्रवास व निवास स्वखर्चाने.’ दोन दिवसांची बैठक शनिवारी सकाळी दिल्लीत सुरू होणार असेल, तर गुरुवारी रात्री नाशिकरोडला गाडी धरावी लागते, शुक्रवार प्रवासात जातो आणि परत येईपर्यंत सोमवारचा बोर्डही (त्या दिवशीची न्यायालयातली कामे) बुडतो. ओझरहून विमानाने जावे तर दिवस वाचतो आणि तिकिटाने खिसा रिकामा होतो. तिकिटाच्या जोडीला बुडालेल्या हजेऱ्या, मुदतीचे अर्ज आणि ‘वकीलसाहेब, तुम्ही तारखेला नव्हतात’ ही पक्षकाराची तक्रार हाही खर्चच आहे. मुलाखतीतील पहिलाच प्रश्न ‘दिल्लीला येणे-जाणे जमेल ना?’ असा होता. त्यानंतरच्या दहा मिनिटांत मला फौजदारी कामाचा अनुभव किती, हे कोणी विचारले नाही.

त्या वर्षीच्या विषयपत्रिकेत धनादेश अनादराच्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, फौजदारी खटल्यांना होणारा विलंब हा मुख्य विषय होता. निफाडला वकिली करणाऱ्या माझ्या एका तरुण सहकारी भगिनीकडे द्राक्षबागायतदारांच्या अशाच केसेस आहेत : व्यापारी माल उचलतो, चेक देतो, तो वटत नाही आणि पुढे समन्स बजावणीतच वर्ष सरते. धनादेशांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४३ मध्ये सहा महिन्यांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे; त्या सहा महिन्यांचे प्रत्यक्षात काय होते, हे तिच्याइतके नेमके सांगणारे आमच्यात कोणी नव्हते. तिला अर्ज करण्याविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, फॉर्म भरला असता हो, पण चार दिवस ऑफिस बंद ठेवून वर तिकीटही मीच काढायचं?” दिल्लीला मुख्य प्रतिनिधी म्हणून गेले ते ज्येष्ठ दिवाणी वकील. गृहस्थ सज्जन आहेत, परतल्यावर त्यांनी दोन पानी अहवालही दिला. पण त्यात समन्सचा उल्लेख नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या कार्यकारिणीत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यास सांगितले. आमच्या शाखेनेही तसा ठराव करावा, अशी चर्चा आता सुरू आहे. ठराव जरूर व्हावा, मात्र राखीव जागेवरच्या वकिलाचे तिकीट कोण काढणार, हे त्याच ठरावात लिहिले पाहिजे.

अमेरिकन बार असोसिएशन या अमेरिकेतील वकिलांच्या संघटनेत १९३६ पासून प्रतिनिधी सभा आहे. तिथे राज्यातील वकिलांच्या संख्येनुसार त्या राज्याच्या बारला (वकील संघटनेला) जागा मिळतात आणि सभेने संमत केलेला ठराव हे संघटनेचे अधिकृत धोरण ठरते. आमच्या प्रतिनिधीच्या मताला असे वजन आहे का, हे दोन वर्षांत मला कोणी सांगितले नाही, आणि विचारायला हवे हे माझ्याही उशिरा लक्षात आले.

पाचपैकी तीन गुण देतो. ज्यांची वकिली स्थिरावली आहे आणि मागे केसेस सांभाळायला ज्युनियर आहेत, त्यांनी निःशंकपणे अर्ज करावा. निफाड, सिन्नर, येवल्याच्या वकिलांनी मात्र अर्जासोबतच प्रवासखर्चाची लेखी मागणी जोडावी. पुढच्या खेपेस माझ्या अर्जालाही ती जोडलेली असेल.